चिवट नमुना

"मॅडम, पुन्हा चढतेय," धाकटी म्हणाली.

सकाळी औषध सोडल्यावर पडद्यावरची हिरवी रेघ चांगली घसरली होती. आता ती मुकाट्याने वर निघाली होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर, आजाऱ्याला लावतात तसल्या लघवीच्या नळीचा वीतभर तुकडा आडवा बसवला होता आणि पंप त्यातून संथपणे पाणी सोडत होता. नळीत जिवाणू बुळबुळीत थर धरायचे आणि त्या थराची जाडी क्षणाक्षणाला पडद्यावर उमटायची. पूर्वी नळी कापल्याशिवाय आतलं काही कळायचं नाही. आता थर वाढताना दिसायचा, सुटतानाही दिसायचा.

"चिवट नमुना आहे हा," मॅडम खुशीत म्हणाल्या. "असाच हवा होता."

धाकटीने वहीत वेळ टिपली. नमुना तिच्या वडिलांचा होता.

अण्णा जन्मभर शिवणयंत्रावर बसलेले. अर्धांगाने आडवे झाले आणि नळी लागली ती कायमची. बदललेली जुनी नळी प्रयोगासाठी नेऊ का, असं धाकटीने भीतभीतच विचारलं, तेव्हा ते हसले होते. "ने की. आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली, आता माझं माप यंत्राला घेऊ दे."

तेव्हापासून ती घरी आली की त्यांचा एकच प्रश्न. "काय म्हणतात माझे पाहुणे?"

"वाढतायत, अण्णा."

"हाकलता येत नाहीत?"

"जातात. आणि परत येतात."

"चिवट आहेत. माझ्यावर गेलेत."

दादाला मात्र हसू येत नसे. रोज अण्णांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, पिशवी रिकामी करायची, सगळं त्याच्याच गळ्यात होतं. एका संध्याकाळी त्याने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "ते जे औषध सोडता ना तुम्ही, त्याची एक बाटली आण."

"माणसाला देऊन बघितलेलं नाही ते अजून. उद्या त्यांना काही झालं तर?"

"आणि नाही दिलं म्हणून झालं तर?"

तिने बाटली आणली नाही.

महिनाभराने अण्णांना थंडी वाजून ताप भरला. नळीतले जंतू रक्तात उतरले, असं डॉक्टरांनी सांगितलं. दवाखान्यात धाकटी त्यांचा हात धरून बसली होती. ग्लानीतून डोळे उघडून अण्णा म्हणाले, "पाहुणे आता घरात शिरले वाटतं." पुढे ते बोललेच नाहीत. दादाने तिच्यावर आवाज चढवला नाही. नुसताच म्हणाला, "एवढं शिकून काय केलंस गं?" आणि पाठ फिरवली.

ती कामावर परतली तेव्हा पंप चालूच होता. अण्णा गेले होते आणि त्यांचे पाहुणे नळीत खाऊनपिऊन सुखरूप होते. तिने रेघेकडे पाहिलं आणि तिला उमाळा येण्याऐवजी चीड आली. स्वतःची, मॅडमची, त्या हिरव्या रेघेची. मग तिने हातमोजे चढवले. काम कुणाला चुकलंय?

पावसाळा सरता सरता मॅडमना औषधाचं मिश्रण जमलं. बाहेरून चार मोठी माणसं बघायला आली. धाकटीने औषध सोडलं. रेघ उतरत गेली, तळाला टेकली आणि दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा जमले तरी तिथेच होती. टाळ्या वाजल्या.

"नमुना कुणाचा?" एकाने विचारलं.

"एका पेशंटचा," मॅडम म्हणाल्या. त्या विसरल्या होत्या की टाळत होत्या, हे धाकटीला कळलं नाही. तिने विचारलंही नाही. पाहुण्यांचे कप तिनेच उचलले.

घरी दादा जेवायला बसत होता. अण्णा गेल्यापासून तो अर्धं ताट टाकून उठायचा. आज त्याने मान वर न करताच विचारलं, "काय झालं तुमच्या त्या औषधाचं?"

धाकटीने ओठ उघडले. रक्तात उतरल्यावर हे औषध काही कामाचं नव्हतं, पण त्याआधी? त्या संध्याकाळी तयार होतं ते कच्चं मिश्रण होतं, आजचं वेगळं. हे सगळं त्याला कसं सांगायचं? आणि यातलं त्याला काय ऐकू येणार होतं?

"नाही जमलं," ती म्हणाली. "परत चढली रेघ."

"म्हणजे तेव्हा बाटली आणली असतीस तरी..."

"तरी काही उपयोग झाला नसता."

"बरं झालं," दादाच्या तोंडून निघून गेलं आणि त्याने जीभ चावली.

धाकटीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तो खाली मान घालून जेवत राहिला. ताट संपलं तसं त्याने संकोचत ते पुढे केलं आणि तिने त्याला आणखी वाढलं.