मुका नारळ

"कोरडी विहीर, मुकी घागर, बोल रे नारळा, दाखव सागर!"

हा आवाज झुंबरबाईंनी फार पूर्वी ऐकला होता, पहिलं बाळ पोटात असताना. तेव्हा तो थोरल्या बाबाचा होता. बाबा कधीच गेला. पण भडगावच्या बाहेर, गिरणेच्या काठी, त्याच लिंबाखाली त्याचा मुलगा वना महाराज आज तेच शब्द त्याच चालीवर म्हणत होता. फरक एवढाच, की आता शब्द कर्ण्यातून येत होते.

लिंबाखाली नुसत्या बायका. कोणाला मूल राहत नव्हतं, कोणाचं राहून पडत होतं, कोणाच्या पोटातलं पाणी आटलं होतं. महाराजांच्या मांडवातून घेतलेला नारळ जिने तिने कानाशी धरून हलवायचा. आवाज येत नसे. ओटीचा नारळ हलवून पारखणं बाईच्या हाताला लहानपणापासून ठाऊक. मुका नारळ म्हणजे कोरडा नारळ, तो कोणी ओटीत घालत नाही. मग महाराज तोच नारळ शेंडी खाली करून गिरणेच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात बुडवत, मंत्र म्हणत, वर काढून हलवत. खळखळ, खळखळ! "भरली! माउलीची कूस भरली!" आणि बायकांच्या डोळ्यांना धार लागे.

झुंबरबाईंच्या शेजारी त्यांची सून कमल बसली होती, सहाव्या महिन्याची. आठ दिवसांपूर्वी जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर तिचं बाळ दाखवलं होतं.

"बाळ पोटातच लघवी करतं," बाई म्हणाल्या होत्या. "तेच पाणी त्याच्याभोवती साठतं. त्या पाण्यात त्याची फुप्फुसं वाढतात. तुमच्या बाळाची लघवीची वाट अडली आहे. मूत्राशय फुगून तट्ट झालंय, मूत्रपिंडांवर दाब येतोय, आणि बाहेरचं पाणी आटत चाललंय. मुंबईला गेलात तर तिथले डॉक्टर आईच्या पोटातून सुई घालून बाळाला बारीक नळी बसवू शकतात. आधी ते बाळाची लघवी तपासतील. मूत्रपिंडांत जीव असेल तरच नळी. हमी नाही देत मी. पण उशीर केलात तर नळीचा उपयोग उरणार नाही."

महाराजांचं सांगणं उलटं होतं. "सव्वा महिना नदी ओलांडायची नाही. सुई टोचून घ्यायची नाही. सुई लागली की पाणी पळालं!"

कमलचा नवरा पुना दोन्हींकडे मान डोलवून शेवटी आईकडे बघत राहिला. आणि झुंबरबाई सुनेला इथे घेऊन आल्या. नियम पाळले की होतं, असं त्या म्हणाल्या. कोणाचे नियम कोणी मोडले होते, ते त्यांनी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगण्याइतकं बळही उरलं नव्हतं. गुडघे दुखत होते, डोळे दुखत होते, आशासुद्धा जुन्या दुखण्यासारखी ठणकत होती.

कमलचा भाऊ भाईदास, वरणगावचा मास्तर, मांडवामागून परत आला. त्याचा चेहरा उतरला होता. त्याने बहिणीच्या मांडीवरचा मुका नारळ उचलला.

"आत्याबाई, हा हातात घ्या बरं. कोरड्या नारळाचं वजन एवढं असतं?"

झुंबरबाईंनी नारळ घेतला. जड होता. तेव्हाचाही जड होता. हाताला ते तेव्हाच कळलं होतं. हाताचं कोणी विचारलं नव्हतं.

"महाराज," भाईदास उभा राहिला, "हा नारळ बुडवायच्या आधी फोडून बघू."

"फोड की!" महाराज हसले. "मास्तर, तुझ्या पुस्तकात पाणी किती? घोटभर. आमच्या नामात सागर!" बायकाही हसल्या. "पण ध्यानात ठेव, ओटीचा नारळ फोडणाऱ्याच्या बहिणीची..."

"बहीणच फोडते," कमल म्हणाली. तिने जडावलेल्या अंगाने उठून नारळ लिंबाच्या पारावर आपटला.

पाणी उसळून तिच्या लुगड्यावर आलं. कोरडा म्हणून दिलेला नारळ काठोकाठ भरला होता. भाईदासने करवंटी उचलून शेंडीखालचा डोळा नखाने खरवडला. मेणाचा बोळा निघाला.

"काठोकाठ भरलेलं वाजत नाही, बायांनो. आत हलायला जागाच नसते. मांडवामागे यांचा चेला गुरांच्या डॉक्टरची सुईची पिचकारी घेऊन बसलाय. डोळ्यातून पाणी भरतो आणि मेण लावतो. महाराज घंगाळात बुडवून वर काढतात तेव्हा अंगठ्याने मेण सारतात, घोटभर पाणी सांडू देतात आणि पुन्हा बसवतात. निथळत्या पाण्यात सांडलेलं पाणी कोणाला दिसणार? जागा झाली की नारळ वाजतो. महाराज पाणी घालत नाहीत, काढतात! आणि सुईला भितात म्हणे. यांचा सगळा चमत्कार सुईचाच आहे."

महाराजांनी दोन्ही हात वर केले. "बघा! माउलीची श्रद्धा बघा! मी बुडवायच्या आधीच भरला!"

आणि खरंच, मागून कोणीतरी म्हणालं, "खरं शे ना." दुसरीने हात जोडले. भाईदासच्या हातातली करवंटी खाली आली. एवढं डोळ्यांदेखत दाखवूनही माणूस बघत नाही, तेव्हा दाखवणाऱ्याचा हातच थकतो.

कमल सासूजवळ बसली. हळूच म्हणाली, "आत्याबाई, डॉक्टरीणबाई हेच सांगत होत्या. माझं बाळ कोरडं नाही. ते भरून अडलंय. त्याला वाट पाहिजे."

झुंबरबाईंनी सुनेच्या ओल्या पदराला हात लावला. हात तिथेच राहिला. मग पाराला धरून त्या उठल्या आणि महाराजांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"वना," त्या म्हणाल्या. महाराज नाही, नुसतं वना. "मना नारय बी वाजना व्हता. तुना बापना हाते."

झुंबरबाईंचा नारळही थोरल्या बाबाच्या हातात वाजला होता. महाराजांचे वर केलेले हात खाली आले.

"पोऱ्या व्हता मना. पोट फुगेल, आंग कोरडं. एकदाच रडना, मरी गया. तुना बापनी इचारं, काय चुकं तुनं, बाई? मी चूक धुंडी. माहेरले जातांना नदी वलांडी व्हती, तीच चूक धरी बसनू. त्यानी सांगं, कोनले सांगशी ते कूस वायी जाई, सुकी जाई. आखो पोरं व्हयनात, पुना व्हयना, तरी मी सांगं नही. मना मालकले बी सांगं नही."

त्या बायकांकडे वळल्या.

"जिन्हं पोर जगनं ती पेढा लयीसन येस. जिन्हं मरनं ती घर बसस, आन सोतानी चूक धुंडस. म्हनीसन याना नारय खोटा पडत नही. मनी चूक नव्हती, बायासहोन. तुमनीबी नही. पोरले रोग शे, आन रोगले डाक्टर लागस. जगी का नही, ते मुंबईले जाईसन कळी. आठे, या लिंबखाले, बसीसन नही."

मग सुनेला हात देऊन म्हणाल्या, "ऊठ, कमल. नदी वलांडानी शे."