कपाटातला कलरीमीटर

“त्या गुंजनचं ऐकू नका, भय्याजी. नवी सून हाय ते. परीक्षा झाली का चाल्ली सासरी आसगावले धानाची रोवणी कराले. तिच्यासाठी मशीन कायले बाहेर काढता?”

रसायनशास्त्राचे हेमराज सर लॅबच्या भय्याजींना हे सांगत होते तेव्हा मी कपाटात कुलूपबंद होतो आणि गुंजन दाराबाहेर चपला काढत होती. आम्ही दोघांनीही ऐकायला नको होतं.

मी कलरीमीटर. रंगीत द्रावणातून उजेड पाठवून रंग किती गडद ते आकड्यात सांगणं, एवढंच मला येतं. या कॉलेजात येऊन आठ वर्षं झाली. पहिल्याच वर्षी कोणाच्या तरी हातून माझी एक काचेची नळी फुटली आणि मी कपाटात गेलो. तेव्हापासून सर रीडिंग फळ्यावर लिहितात, मुलं वहीत उतरवतात. पंचवीस वह्यांत शेवटच्या अंकापर्यंत सारखे आकडे! एवढी एकी मी माणसांत दुसरीकडे पाहिली नाही.

दसऱ्याला मात्र मला हळदकुंकू, झेंडूचं फूल, नमस्कार. प्लग कोणी लावत नाही. देवाकडे निदान माणसं काही मागतात तरी.

आज तेवढं बजावून सर मीटिंगला गेले.

“भय्याजी काका, एकडाव लावू द्या ना.”

“माही नोकरी खाशीन तू, पोरी,” म्हणत त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली आणि चहाला गेले.

माझा दिवा लागला. गुंजननं आधी साधं पाणी ठेवून शून्य जुळवलं, मग निळं द्रावण ठेवलं. आकडा आला ०.६१. फळ्यावर होता ०.५८. ती खट्टू झाली. नळी खिडकीकडे धरून पाहिली, तर काचेवर उजेड अडवणारा तिच्याच बोटाचा ठसा. ओढणीनं पुसून पुन्हा ठेवली: ०.५५. परत एकदा: ०.५५. मला सांगायला तोंड नव्हतं. तिचं तिलाच कळलं.

तेवढ्यात सर दारात.

“कोणाले विचारून काढली? बरं, आता वहीत फळ्यावरचं लिव अन् ठेवून दे. प्रॅक्टिकलचे मार्क माह्या हातात हायेत, ध्यानात ठेव.”

लग्न होऊन आल्यापासून या मुलीचा आवाज वर्गानं ऐकला नव्हता. मला तर वाटलं, आता प्लग निघणार. पण तिनं पेन उघडलं, वहीत आकडा लिहिला आणि मान वर केली.

“सर, फळ्यावरचा आकडा कोणाचा हाय, मले मालूम नाही. हा मी सोता काढला. वहीत हाच राहीन. मार्क तुम्हाले द्यायचे तेवढे द्या.”