बोलायचं काम कुणाचं?

टकळीला टकळी हे नाव तिच्या आजीने ठेवलं होतं आणि ते अगदी योग्य होतं. शाळेच्या फाटकापासून बालवर्गाच्या दारापर्यंत ती बोलत यायची. चप्पल काढताना बोलायची, पाणी पिताना बोलायची, अगदी शिंक येत असतानाही वाक्य पुरं करायची. पण एकदा का इंग्रजीचा तास सुरू झाला, की हीच मुलगी तोंडाला कुलूप लावून बसायची. तिचं पाहून की काय कोण जाणे, सगळा वर्गच मूग गिळून बसायचा.

इंग्रजीच्या नव्या बाईंच्या जिवाला याचाच घोर लागला होता. बाईंची शिकवण्याची तऱ्हा वेगळी होती. पाठांतर नाही, फळा नाही. त्या नुसते हुकूम सोडायच्या. "स्टँड अप!" म्हटलं की पोरं ताडकन उभी. "टच युअर नोज!" म्हटलं की बोटं नाकावर. "जंप लाइक अ फ्रॉग!" म्हटलं की वर्गाचं डबकं व्हायचं आणि खालच्या मजल्यावरून निरोप यायचा, जरा हळू. मुलांना सगळं कळत होतं. पण कळतं ते बोलून दाखवतील तर शपथ! बाईंनी गोंजारलं, लाडीगोडी लावली, एकदा तर चक्क हात जोडले. पोरं हसली, त्यांनीही हात जोडले. ब्र काही काढला नाही.

शेजारच्या वर्गात घोकंपट्टी सर होते. त्यांची पोरं एका सुरात "आय अ‍ॅम अ गुड बॉय" म्हणायची. मुलीसुद्धा. पालकांना ते ऐकून भरून यायचं. त्यामुळे मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, एक दिवस नव्या बाईंना बोलावून स्पष्टच सांगितलं, "शुक्रवारी पालक येणार आहेत. तुमची मुलं त्यांच्यासमोर इंग्रजी बोलली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून हा वर्ग सरांकडे जाईल. माझाही नाइलाज आहे हो."

बाई 'बरं' म्हणाल्या, बाहेर आल्या आणि खेळांच्या सामानाच्या खोलीत जाऊन रडल्या. आपली पोरं आपल्याकडून जाणार, हे काही त्यांना सोसवत नव्हतं.

शुक्रवार उजाडला. भिंतीला लागून खुर्च्या मांडल्या होत्या, मधे सतरंजी, सतरंजीवर पोरं. मोठ्या बाई पहिल्या खुर्चीत. घोकंपट्टी सर त्यांच्या शेजारी, चेहऱ्यावर सहानुभूती घेऊन. ती सहानुभूती पाहून बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

दारात टकळीचे आजोबा आले. जन्मभर बस चालवलेला धिप्पाड माणूस, पण आज लंगडत होता.

"बाई, आज मला खुर्ची मिळेल ना?" त्यांनी हळूच विचारलं. "गुडघ्यांनी संप केलाय. ही आमची बाईसाहेब संध्याकाळभर उठबशा काढायला लावते. सिट डाउन, स्टँड अप, टर्न अराउंड. बेडकासारखी उडी मारायला सांगते, सांगा आता! आजीने नाही मारली तर तिला वर्गाबाहेर काढते."

बाई बघतच राहिल्या. "म्हणजे... हे सगळं ती इंग्रजीतून बोलते? घरी?"

"बोलते? अहो, थांबते कुठे!"

बाईंनी टकळीला बाजूला घेतलं आणि तिच्यासमोर उकिडवं बसून विचारलं, "अगं, घरी एवढं बोलतेस, मग इथे का नाही बोलत?"

टकळीने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "इथे बाई तुम्ही आहात ना? बोलायचं काम बाईंचं. आमचं काम सांगितलेलं करायचं. घरी मी बाई असते."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पोरांचं काहीच चुकलं नव्हतं. बाईंनी रोज हुकूम सोडले होते आणि पोरांनी इमानेइतबारे ते पाळले होते. हुकूम सोडण्याची पाळी त्यांना कुणी दिली होती?

"करूया का सुरुवात?" मोठ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

बाईंनी आपली खुर्ची सतरंजीसमोर ओढली आणि तिच्यावर टकळीला बसवलं. स्वतः जाऊन पोरांच्या मधोमध मांडी घालून बसल्या. पालकांमध्ये कुजबुज सुरू झाली. सर खाकरले. टकळीने बाईंकडे पाहिलं, पालकांकडे पाहिलं. बाईंचा जीव टांगणीला लागला.

मग टकळीने खांदे ताठ केले. "स्टँड अप!"

पोरं उभी राहिली. बाईही उठल्या. पण टकळीचं समाधान होईना. तिने भिंतीकडे बोट रोखलं. "यू! यू! ऑल ऑफ यू! स्टँड अप!"

पालक गडबडून उठले. आजोबा कण्हत उठले. "टच युअर नोज! टर्न अराउंड!" सगळी खोली गरगर फिरली. "यू, ओपन द डोअर!" हे मोठ्या बाईंना होतं. मोठ्या बाई निमूट गेल्या, दार उघडून आल्या. "व्हेरी गुड," टकळी म्हणाली, अगदी बाईंच्याच लाडिक सुरात. मग तिची नजर घोकंपट्टी सरांवर स्थिरावली. "जंप लाइक अ फ्रॉग!"

सरांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाईंनी छताकडे पाहिलं. सरांनी उडी मारली, आणि खोटं कशाला बोला, चांगली मारली.

पोरांना आता दम धरवेना. सगळ्यांना बाई व्हायचं होतं! खुर्चीपाशी झुंबड उडाली. एकजण पालकांना टाळ्या वाजवायला लावतोय, एकजणी स्वतःच्याच बापाला डोळे मिटायला सांगतेय. एरवी अंगठा चोखत बसणारा बेकरीवाल्याचा मुलगा तर उतरायलाच तयार नव्हता. बाई सतरंजीवर बसून रडत होत्या आणि हसत होत्या. त्यांचा आनंद गगनात मावत नव्हता.

मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. "पालकहो..."

"क्वाएट, प्लीज!" बेकरीवाल्याचा मुलगा खुर्चीवरून गरजला.

मोठ्या बाई गप्प झाल्या. मग त्यांनी हात वर केला. मुलाने थोडा विचार करून मान डोलावली.

"वर्ग नव्या बाईंकडेच राहील," मोठ्या बाई म्हणाल्या.

"व्हेरी गुड," मुलगा म्हणाला. "सिट डाउन."

आणि मोठ्या बाई बसल्या.