दोन पातळ रजया

त्या इतवारी अन्सारभाईंनी दुकान उघडलं नाही. गच्चीवर उन्हात चटई टाकली, लेकीला, मिस्बाहला, लॅपटॉप घेऊन वर बोलावलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "दाखोव आता. पयल्या शनिवारी कुठी जाशीन?"

मिस्बाहचं पक्कं झालं होतं. मार्चपासून सहा महिने जॉर्जिया देशात, तिबिलिसी शहरात राहायचं. पुण्याच्या कंपनीचं काम ती दोन वर्षं वलगावच्या घरातूनच करत होती, ते आता तिथून करायला साहेबांनी परवानगी दिली होती. तिकडचं घड्याळ दीड तास मागे. सकाळी लवकर बसलं की संध्याकाळ आपली, आणि शनिवार-रविवार भटकायला मोकळे. त्या मुलखातल्या डोंगरांबद्दल ती कॉलेजपासून हाती लागेल ते वाचत आली होती.

पण आता बेत तिच्यापेक्षा वडीलच आखायला लागले होते. एका शनिवारी गरम पाण्याचे झरे, एका इतवारी डोंगरातला किल्ला. जुन्या गावात मशीद आहे हे कळल्यावर एक जुम्मा त्यांनी तिथला राखून ठेवला. बर्फाचा फोटो आला तसे ते थांबले. पिंजलेल्या कापसावानी दिसते, म्हणाले, पण हातात घेतल्यावर कसं लागत असंल?

त्यांचा जन्म गाद्या भरण्यात गेला होता. मक्केला उमराहसाठी काढलेला पासपोर्ट कपाटात कोराच पडून होता. आधी शेतकऱ्यांचं सोयाबीन गेलं, मग बोंडअळीनं कापूस खाल्ला. गावात लग्नाच्या गाद्यासुद्धा लोक जुन्याच पिंजून नेऊ लागले, आणि प्रवासाचं नाव घरात निघेनासं झालं.

"मी बी येतो एखादा हप्ता," ते म्हणाले. "तुले गरम भाकरी तं भेटंल."

"तुमी गेले तं अख्ख्या वलगावची कंबर दुखंल, अब्बा."

ते हसले, तिच्यापेक्षा जास्तच हसले. विषय तिथंच मिटला. ही निव्वळ थट्टा नव्हती, हे मिस्बाहला कळलं होतं. पण एकटीनं जायची तिची जुनी हौस होती, आणि खोलीही तिनं एकटीपुरतीच ठरवली होती. विचारू पुढे, जायचं जवळ आलं की, असं तिनं मनाशी म्हटलं.

दुपारी त्यांनी तिच्यासाठी भरलेली रजई आणली. तिला ती दोन्ही हातांनी उचलेना. विमानात एवढं वजन नेऊ देत नाहीत, आणि तिथं घरोघरी हीटर असतात, असं तिनं जरा तुटकच सांगितलं. ते रजई खांद्यावर टाकून खाली गेले आणि तिची शिवण उसवायला बसले. दिवस मावळेपर्यंत ते आणि अम्मी, नसीमबानो, खाली टाके घालत होते. मिस्बाहला त्यांचं खोकणं, हसणं ऐकू येत होतं.

या घराची एक रीत होती. घरच्या रजईचा शेवटचा टाका ती पांघरणाऱ्यानं घालायचा. कोपऱ्याशी चार बोटं जागा उघडी ठेवायची आणि सुई तिथंच टोचून ठेवायची. जेवताना अब्बांनी आठवण करून दिली. मिस्बाहला सोमवारच्या मीटिंगची तयारी करायची होती. उद्या घालते, ती म्हणाली.

सोमवारी मीटिंग चालू असताना तिचा फोन मुका होता. दुकानाच्या बाजूचे चहावाले देवमनकाका तिला बोलवायला घरी आले. अन्सारभाई दुकानात पिंजणयंत्रापाशी बसल्या बसल्या कलंडले होते. दवाखान्यात नेईपर्यंत सारं संपलं होतं. असरच्या नमाजनंतर माती झाली.

मग माणसं आली, गेली. नसीमबानो इद्दतीत, विधवेच्या एकांतात, बसल्या. मिस्बाह काम करत राहिली, कारण काम केलं की कोणी काही विचारत नसे. तिकीट तिनं रद्दही केलं नाही आणि त्याचं नावही काढलं नाही.

निघायचा दिवस दोन दिवसांवर आला तेव्हा अम्मीनं सकाळी तिला आपल्या खोलीत बोलावलं. पेटीतून एक रजई काढून तिच्यासमोर ठेवली. हलकी होती, एका हातात मावेल अशी. कोपऱ्यात सुई टोचलेली. मिस्बाहनं टाका घातला, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला.

अम्मीनं पेटीतून दुसरी काढली. तीही तेवढीच पातळ, पण पहिलीपेक्षा हातभर लांब. खोळ अब्बांच्या चौकडीच्या लुंगीची. हिच्याही कोपऱ्यात सुई होती.

"एकाच्या दोन केल्या," अम्मी म्हणाली. "एक तुही, एक त्यायची. तुले पुन्हा काई बोलले नाई. मले म्हणे, पोरीनं चला म्हटलंच तं आपली तयारी असावी."

मिस्बाहनं ती मांडीवर घेतली. उघड्या कोपऱ्यातून बोटं आत घातली. कापूस स्वच्छ होता, काडीकचऱ्याचं एक कचकोळ नव्हतं. अशा सालात असा कापूस त्यांनी कुठून मिळवला होता कोण जाणे. अम्मी बघत होती. टाका तू घाल, असं ती म्हणाली नाही.

मिस्बाहनं बोटं बाहेर काढली. सुई होती तिथंच राहू दिली.

"अब्बा," ती म्हणाली, जिन्यातून हाक मारावी इतक्या मोठ्यानं, "चला ना माह्यासंगं."