पांढरी लोकर

लढाईचं चौथं वर्ष होतं. ज्ञानू खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात कामाला होता. शहरावर बाँब पडणार अशी आवई उठली, तशी त्यानं बायकोला, अंबूबाईला, भोंगवलीला घरी आणून सोडलं. ती येताना एक पत्र्याची ट्रंक घेऊन आली. तिच्यात दोन लांब सुया होत्या आणि खडकीत शेजारच्या नर्सबाईंकडून शिकलेलं विणकाम तिच्या हातात होतं.

थोरल्या जावेला, सगुणाबाईला, तेव्हा सातवा लागला होता. आधीची दोन मुलं गेली होती. पहिला तीन महिन्यांचा होऊन, दुसरी जन्मतःच. अंबूबाईच्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तिची कूस उजवली नव्हती. एका घरात नांदणाऱ्या दोघींमध्ये हे कुणी बोलत नसे, पण दोघींच्या मनात ते कायम असायचं.

एका दुपारी अंबूबाई म्हणाली, "आक्का, बाळासाठी म्या लोकरीचं पांघरूण विणते."

सगुणाबाईला बरं वाटलं. अंबूबाईनं तळहाताएवढे तीन तुकडे विणून तिच्यापुढं ठेवले. एक जाळीचा, एक वेणीचा, एक अगदी साधा. सगुणाबाईनं जाळीचा उचलला. "हाच. आन् लोकर लाल घे. बाळाला लाल शोभंल."

अंबूबाईनं तुकडा हातात घेऊन जाळीच्या भोकातून करंगळी आरपार घातली, मग बाहेर काढली. "ही नको. साधंच विणते."

आणि ट्रंकेतून तिनं लोकरीच्या लडी काढल्या. पांढऱ्याफेक.

सगुणाबाईनं पुढं केलेला हात मागं घेतला. "पांढरं? पोराच्या अंगावर?"

"ह्योच रंग बरा, आक्का," एवढंच म्हणून अंबूबाईनं मान खाली घातली.

त्या दिवसापासून सगुणाबाईचं लक्ष जावेवरून हलेना. अंबूबाई पडवीत खांबाला टेकून विणायला बसे, तेव्हा तिचे ओठ हलत. ओळ संपली की थांबत, सुई फिरली की पुन्हा हलत. जवळ कुणी गेलं तर ती बोट वर करून गप्प राहायला सांगे. असं पुटपुटून करणी कशी करतात, ते सगुणाबाईनं माहेरी ऐकलं होतं. आता तिला आठवायला लागलं, की पहिलं मूल गेलं त्या दिवशी ते शेवटचं अंबूच्याच मांडीवर होतं.

भोरहून खुर्शिदा दर सोमवारी बांगड्या, दोरे, लोकर घेऊन गावात यायची. अंबूबाई नदीवर गेलेली बघून सगुणाबाईनं खुर्शिदाला दारात गाठलं.

"खुर्शिदाबी, आमच्या अंबूनं लोकर तुमच्याकडूनच नेली न्हवं?"

"व्हय की. आधी लालच नेली व्हती. दुसऱ्या सोमवारी परत दिली, म्हणाली पांढरी द्या. म्या म्हटलं, लेकराला पांढरी कशाला? तर काय बोललीच न्हाई."

"लाल हाय अजून?"

खुर्शिदानं गाठोड्यातून लड काढून दिली. अंबूबाई नदीवरून येताच सगुणाबाईनं ती तिच्यापुढं टाकली. "हीच वापर."

"न्हाई आक्का. हिचं म्या विणणार न्हाई."

"का?"

अंबूबाईनं लड उचलून कोनाड्यात ठेवली. मग पुन्हा पांढरी विणायला घेतली. सगुणाबाईला आता शंका उरली नाही.

दुसऱ्या दिवशी अंबूबाई धुणं घेऊन गेली आणि सगुणाबाईनं ट्रंक उघडली. पांघरूण जवळजवळ पुरं होत आलं होतं. उजेडात धरून तिनं टाका न् टाका तपासला. मधोमध, पांढऱ्या टाक्यांतून आत-बाहेर गेलेला एक लांब काळा केस होता. थोडं पुढं आणखी एक.

तिनं सुई उपसून टोक ओढलं. पांघरूण सरसर उसवत गेलं. महिन्याभराचं काम घटकाभरात जमिनीवर वळवळत पडलं. त्या ढिगाकडं बोट दाखवत तिनं सासूला, धोंडाबाईला हाक मारली.

"आत्याबाई, बघा हिचे धंदे! पांढऱ्यात केस घालून विणतीया. माझी दोन खाल्ली, आता तिसऱ्यावर डोळा हाय!"

ओल्या धुण्याची बुट्टी घेऊन अंबूबाई दारातच उभी होती. सगळं तिनं ऐकलं. रडली नाही. बुट्टी खाली ठेवून ती चुलीपाशी गेली, दोन वाट्यांत ऊन पाणी घेतलं. एकीत लाल लोकरीचा तुकडा टाकला, दुसरीत पांढऱ्याचा. बोटांनी चुरून दोन्ही वाट्या तिनं सासूपुढं ठेवल्या. एकीतलं पाणी रक्तासारखं लाल झालं होतं.

"पोर पांघरुणाचा काठ तोंडात घेतं, चोखतं," ती म्हणाली. "नर्सबाई म्हणायच्या, रंग जाणारं कापड तान्ह्याजवळ ठेवू नका, त्यो रंग पोटात गेला तर इख व्हतो. आधी लालच आणली व्हती, पर भिजवून बघितली तर रंग सुटला. आन् जाळीत बोट अडकतं. खडकीला एका पोराचं काळंनिळं झालेलं म्या डोळ्यांनी बघितलंय."

"आन् पुटपुटत काय व्हतीस?" धोंडाबाईनं विचारलं.

"टाके मोजत व्हते. चुकलं की सगळी ओळ जाती."

"केस?"

अंबूबाईनं पदर सारला. कपाळाच्या वर केस विरळ झाले होते. "गळत्यात. हातावर पडत्यात, कळतबी न्हाई."

सगुणाबाई त्या लाल पाण्याकडं बघत होती. पहिल्याची दुपटी लाल खणाची होती. त्याचे ओठ सदा लाल असत आणि ती शेजारणींना कौतुकानं दाखवायची. ती अंबूबाईकडं वळली.

"तवा का न्हाई बोललीस ते?"

"तवा मला तरी कुठं ठावं व्हतं? खडकीला गेल्यावर नर्सबाईंनी सांगितलं, तवा त्याचं तोंड डोळ्यांपुढं आलं." अंबूबाई जरा थांबली. "पर त्यानंच गेला का, ते मला आजबी ठावं न्हाई, आक्का. नुसता संशय. तेवढ्यावर आईला कसं सांगावं, की तुझ्याच हातानं..."

 धोंडाबाई उठून लाल पाणी परसात ओतून आली.

 मग सगुणाबाई पोट सावरत खाली बसली आणि जमिनीवरच्या लोकरीचा गुंता सोडवायला लागली. "अंबू, म्या लई वंगाळ बोलले," ती म्हणाली. अंबूबाईही समोर बसली आणि तिनं दुसरं टोक शोधलं.

"पांढरं मलाबी खटकतंय, खोटं कशाला बोलू?" धोंडाबाई म्हणाली. "हळदीत बुडवा. गेली पोटात तर गेली, हळदीनं कुणी मेलं न्हाई."

सगुणाबाईनं स्वतः हळद कालवली. लडी दांडीवर वाळल्या आणि अंबूबाईनं पुन्हा पहिला टाका घातला. या खेपेस शेजारी बसून तिनं जावेलाही सुलट टाका शिकवला. कमी बोलायची, चुकलं तर नुसतं बोट ठेवायची.

पौषात मुलगी झाली. पिवळा काठ चोखून तिची हनुवटी पिवळी व्हायची. ती जगली, रांगली.

दुसऱ्या वर्षीच्या शिमग्याला ज्ञानू आला तेव्हा अंबूबाई त्याच्याबरोबर खडकीला निघाली. बाँबची भीती अजून गेली नव्हती. सगुणाबाई म्हणाली, "ऱ्हा की अजून. पोरीला तुझी सवय लागलीया."

अंबूबाईनं पोरीचा मुका घेतला, कडेवरून सगुणाबाईकडं दिली. "येईन," ती म्हणाली आणि बैलगाडीत चढली. गाडी कापूरहोळच्या वाटेला लागेपर्यंत सगुणाबाई पोरीला घेऊन वेशीत उभी होती. अंबूबाईनं मागं वळून बघितलं ते एकदाच, आणि तेही पोरीकडं.