हिरवाटोल्यावरचं विमान

१९६८ च्या हिवाळ्यात रुपराव नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून रोज सकाळी एका छोट्या विमानात बसायचा आणि खाली उतरेपर्यंत मनातल्या मनात मरत राहायचा. हे कोणाला ठाऊक नव्हतं. घरी बायकोला, शामलालाही नाही. तिला वाटायचं, नवऱ्याची नोकरी ऐटीची आहे.

काम होतं जमिनीखालची धातूंची खनिजं शोधायचं. विमानाखाली लांब केबलला एक यंत्र लोंबत असे. त्याला सगळे 'पक्षी' म्हणत. खाली धातू असला की रुपरावच्या समोरच्या सरकत्या कागदावर यंत्राची लेखणी उडी घ्यायची. त्यासाठी विमान झाडांच्या शेंड्यांवरून, अगदी कमी उंचीवरून न्यावं लागे.

बालाघाटच्या बाजूची हिरवाटोल्याची टेकडी भूवैज्ञानिक चंपतरावांनी सुचवली होती. तिथे पांढऱ्या गारगोटीवर तांब्याचे हिरवे डाग होते आणि कोण्या जुन्या काळी तांबं काढणाऱ्यांनी खणलेले खड्डे, आता गवतानं भरलेले. वर डाग आहेत, पण खाली तांबं किती आहे हे कोणालाच माहीत नव्हतं.

त्या दिवशी टेकडीवर वारा होता. वैमानिक कॅप्टन देशकर ओरडले, "धरून बसा!" विमान चढ चढत असतानाच लेखणीनं उडी घेतली. मोठी, स्वच्छ उडी. रुपराव पुढे वाकून बघतो आहे तोच विमान एकदम खाली आलं, पाठोपाठ मागून जबर हिसका बसला. त्याचं डोकं लोखंडावर आदळलं.

"पक्षी झाडाले लागला!" तो ओरडला.

पक्षी सुटला होता, पण त्याचं शेपूट मोडलं होतं. आता तो केबलला वेड्यासारखा गरगरत वर उसळत होता. विमानाच्या शेपटीवर आदळला असता तर सगळं संपलं असतं.

"केबल तोडा! रुपराव, तोडा लवकर!"

तोडायची दांडी त्याच्या पायाजवळच होती. त्यानं हात घातला. बोटं घामानं घसरत होती. विमानाच्या तळातल्या झरोक्यातून झाडं सपासपा मागे जात होती, आणि प्रत्येक झाड आपल्याकडेच येत आहे असं त्याला वाटत होतं. शर्टावर उलटी झाली. "माय वं," एवढंच तो म्हणत होता. पुन्हा पुन्हा.

मागे काहीतरी कडाडलं. कॅप्टननी शिवी दिली. रुपरावनं डोळे मिटले, सीटला पाठ टेकली आणि दोन्ही पायांनी दांडी ढकलली. ती हलली नाही. त्यानं पुन्हा ढकलली. केबल तुटली तेव्हा विमान हलकं होऊन वर उचललं गेलं, आणि त्याला वाटलं, आपण पडलो.

सोनेगावला उतरल्यावर मेकॅनिकनं त्याला काखेत हात घालून खाली घेतलं. शेपटीचा पत्रा फाटला होता. चंपतराव धावत आले. आधी त्यांनी रुपरावचं डोकं पाहिलं, मग न राहवून कागद उलगडला.

"ही उडी हिसक्याची हाय का खरी?"

हिसक्याची म्हटलं असतं तर हिरवाटोला तिथेच सुटला असता. पुन्हा कोणी गेलं नसतं. रुपरावला ते लख्ख कळत होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"उडी आधी," तो म्हणाला. "हिसका मंग. मी पाहून राहिलो होतो."

"मंग दुसरा पक्षी आला का तीच लाइन घेऊ परत. एका खेपेवर हापीस नाई मानत."

"मी नाई येत साहेब."

"काहून?"

"मले भेव लागते. पयल्या दिवसापासून लागते."

मेकॅनिक दुसरीकडे बघू लागला. कॅप्टन देशकर फाटक्या पत्र्यावरून हात फिरवत उभे होते. चंपतराव चिडलेच. "नव्या माणसाले शिकवाले वर्ष जाईन गा!"

"पायी चाला ना," रुपराव म्हणाला. "जमिनीवरचं यंत्र मी उचलतो."

"तिथं अस्वलं हायेत."

"असू द्या."

महिन्याभरानं ते दोघं पायीच टेकडीवर गेले. रुपराव तिथेही घाबरला. झुडुपात काही खसफसलं की त्याचे पाय थिजायचे. पण ते पाय जमिनीवर होते. काटेरी रानातून त्यानं यंत्र खांद्यावर वाहिलं आणि त्याच उतारावर यंत्राचा काटा तसाच वर गेला.

पुढे दोन वर्षांनी तिथे ड्रिल लागलं. खोलातून निघालेल्या दगडाच्या कांड्यांत पिवळं तांब्याचं खनिज चमकत होतं, आणि गारगोटीच्या भेगांत राखाडी, चकचकीत पापुद्रे होते. चंपतरावांना आधी ते ग्रॅफाइट वाटलं. नागपूरच्या प्रयोगशाळेनं कळवलं, मॉलिब्डेनम आहे, पोलाद कणखर करायला लागणारा धातू. रुपरावनं एक पापुद्रा अंगठ्यानं घासला. तो पेन्सिलीसारखा बोटावर उमटला.

टेकडीवरच्या तंबूत तो आणखी पाच हिवाळे राहिला. विमानाचा आवाज आला की हातातलं काम टाकून, ते दूर जाईपर्यंत खाली बसायचा. गडी हसायचे. तो हसू द्यायचा.