कृष्णाजींची चालती-फिरती आठवण

मित्रांनो, मी एक जुने फिल्मचे रीळ आहे. तळहातावर मावेन एवढे लहान. पण अलिबागजवळच्या चौल गावची मुले पहिल्यांदा तायक्वांदो कशी शिकली, ते माझ्यात साठलेले आहे.

१९८३ साली कृष्णाजी मुंबईच्या गोदीत नोकरीला होते. तिथेच ते तायक्वांदो शिकले. रविवारी गावी असले की बुद्धविहाराच्या अंगणात ते मुलांना शिकवत. एकदा जहाजावर काम करणारा त्यांचा मित्र छोटा कॅमेरा घेऊन आला. त्या कॅमेऱ्यात मी होते. मांजरपाटाचे पांढरे पोशाख घालून मुले माझ्यासमोर रांगेत उभी राहिली. त्यांत एकच मुलगी होती, जयमाला.

पुढे विहाराच्या भिंतीवर मला दाखवले, तेव्हा माणसे अंगणात मावेनात. लोकांनी मला पुन्हा पुन्हा फिरवायला लावले. किती मिरवले मी तेव्हा!

मग कृष्णाजी आजारी पडले आणि गेले. त्यांचा मुलगा अजित तेव्हा रांगत होता. वर्ग बंद पडला. मी बिस्किटांच्या डब्यात, माळ्यावर जाऊन पडले. खाडीची दमट हवा मला सोसेना. मी आकसले, वाकडे झाले. अंगाला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागला.

गेल्या वर्षी माळा साफ करताना अजितने डबा उघडला आणि नाक दाबले.

"कसला वास मारतोय ह्याला! टाकून देऊया."

त्याची मुलगी दीक्षा हिने माझे टोक उजेडात धरले. "बाबा, यात माणसं हायेत. लाथा मारतायत."

ती मला शेजारी जयमालाकाकींकडे घेऊन गेली. अजितही मागोमाग गेला. आता शाळेत शिक्षिका असलेल्या काकींनी चष्मा लावून मला पाहिले आणि त्या पायरीवरच बसल्या.

"अजित, ह्यात तुझा बाप हाय रे. चालता-फिरता."

अजितकडे वडिलांचा एकच फोटो होता. दुसऱ्याच दिवशी मांडव्याहून लाँच धरून तो मला मुंबईला घेऊन गेला. तिथे जुन्या फिल्म दुरुस्त करणारी भाविका राहते.

"प्रोजेक्टरवर चढवू नका, तुकडे होतील," ती म्हणाली. "शेवटचा भाग चिकटलाय. तो वाचेल असं मी सांगत नाही."

तिने मला हळूहळू सोडवले, पुसले आणि माझ्यातले एकेक चित्र संगणकावर उतरवले. शेवटचा भाग खरोखरच गेला. बाकीचे वाचले.

मग विहारात पडदा लागला. कृष्णाजी कमरेचा पट्टा आवळत हसत पुढे आले.

"ते माझ्यासारखे चालतात," अजित हळूच म्हणाला.

"तू त्यांच्यासारखा चालतोस," काकी म्हणाल्या.

कृष्णाजींचे ओठ हलत होते, पण मला तर आवाज नाही. "काय सांगतायत आजोबा?" दीक्षाने विचारले.

"आधी श्वास सोड, मग पाय उचल. मलाच सांगतायत," काकी म्हणाल्या.

पडद्यावरच्या जयमालाने समोर धरलेल्या कौलावर लाथ मारली. नेम चुकला आणि ती चिखलात बसली. सगळे खो-खो हसले, काकी सर्वांत जास्त. दुसऱ्या लाथेला मात्र कौलाचे दोन तुकडे झाले आणि टाळ्यांनी विहार दणाणला.

आता रविवारी सकाळी अंगणात पुन्हा वर्ग भरतो. काकी शिकवतात. मुलांच्या मागच्या रांगेत अजित उभा असतो आणि तोल गेला की मुलांबरोबर स्वतःही हसतो.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावरही माझे एखादे भावंड असेल. वास आला म्हणून त्याला फेकू नका. ओलीपासून दूर, थंड जागी ठेवा. जाणकाराला दाखवा आणि त्याची नक्कल दोन ठिकाणी जपा. एवढे मात्र लवकर करा. आमच्यातली माणसे ओळखणारे कोणी घरात आहे, तोवरच.